तारामाशाची आकृती

तारामाशाच्या अंड्यांना पाय नसतात. एवढं कळायला पीएचडी लागत नाही, आणि मी तर पीएचडी आहे. तरी मंगळवारी दुपारी बाराच्या सुमारास मी प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या टेबलावर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते आणि मला पाय दिसत होते. सांध्यांचे, जोडीजोडीनं लागलेले पाय, आणि त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी मिटलेलं पारदर्शक कवच. मी काही शोधायला बसले नव्हते. रविवारी विभागाचा हीरक महोत्सव, म्हणून संग्रहालयातल्या बरण्यांचं जुनं फॉर्मलिन बदलायचं काम माझ्याकडे आलं होतं. आमच्यासारख्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांकडे अशी कामं आपोआप चालत येतात. तारामाशाची बरणी उघडली, काचेच्या पट्टीसकट नमुना बाहेर घेताना आतल्या फांद्याफांद्यांच्या अवयवाचं एक टोक माझ्या चिमट्यानं फाटलं आणि त्यातून खसखशीसारखे दाणे बाहेर पडले. आधी मी स्वतःला एक शिवी घातली. मग म्हटलं, जननग्रंथीच आहे, अंडी असणार, बघून तरी घेऊ. पहिल्या दाण्याला पाय. म्हटलं, नळाच्या पाण्यातला कुठला तरी किडा आला असेल. दुसऱ्यालाही पाय. अकरावा दाणा पाहून झाल्यावर मी डोळा काढला आणि भिंतीवरच्या बंद घड्याळाकडे बघत बसले. शेजारच्या वर्गात कुणीतरी हजेरी घेत होतं. 

ही बरणी म्हणजे आमच्या विभागाचं देवघर आहे असं म्हटलं तरी चालेल. नागपुरात समुद्र नाही, हे विद्यार्थ्यांना सांगावं लागत नाही. एकोणीसशे सत्त्याऐंशी साली कृष्णकांत सर अभ्याससहल घेऊन मालवणला गेले आणि पत्र्याच्या डब्यातून जे काही घेऊन आले, त्यातला हा एकच तारामासा धड उघडता आला. पाठीकडून कापलेला, पाचही भुजा पसरलेल्या, आणि एका भुजेत तो मलईच्या रंगाचा, झाडासारखा फुटलेला, टपोरा अवयव. त्याच वर्षी सरांनी प्रात्यक्षिकाची पुस्तिका लिहिली, तिच्यात आकृती सतरा म्हणून तो छापला, आणि बाण काढून लिहिलं : जननग्रंथी. तेव्हापासून अडतीस वर्षं सगळ्या मुलांनी तो तसाच काढला. मीही काढला. टोकदार पेन्सिल, छायांकन नाही, फक्त ठिपके, नामनिर्देशनाची रेघ पट्टीनं. बीएस्सीच्या परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझी वही उचलून बाकीच्यांना दाखवली होती. आता तर फाडाफाडीला बंदीच आहे, त्यामुळे बरणी आणि पुस्तिका, एवढ्यावरच तारामासा चालतो. अकरा वर्षं मी त्या बरणीवर टिचकी मारून सांगत आले, ही बघा जननग्रंथी, आणि एखादी मुलगी कमी फांद्या काढायची तेव्हा मी तिचा अर्धा गुण कापायची. तो अर्धा गुण त्या दुपारी मला फार लागला.

दोन तासांत माझी खात्री झाली. झिंग्या-खेकड्यांच्या दूरच्या भावकीतला एक परजीवी असतो, तो तारामाशाच्या शरीरात शिरतो आणि तिथेच मादी वाढत जाते. वाढताना तिचं डोकं, पाय, सगळं नावापुरतं उरतं; ती नुसती पसरते, मिळेल त्या पोकळीत फांद्या सोडते आणि त्या फांद्यांमध्ये पोरं सांभाळते. पोरांना मात्र पाय असतात, कारण त्यांना एक दिवस बाहेर पडून दुसरा तारामासा शोधायचा असतो. हे मी पुस्तकातून वाचलेलं होतं, एमएस्सीला या प्रश्नाचं उत्तरही लिहिलेलं होतं. ते लिहिलं तेव्हा बरणी माझ्या पाठीमागे तीन हातांवर होती. माझा स्वभाव असा की चूक दिसली की ती खणून काढल्याशिवाय मला जेवण जात नाही. आई म्हणते, हे बापाचं. म्हणून मी आणखी एक गोष्ट पाहायला बसले, जी नसती पाहिली तर बरं झालं असतं असं संध्याकाळपर्यंत वाटत राहिलं. जननग्रंथी भुजेच्या मुळाशी चिकटलेली असते. हा जीव कुठेच चिकटलेला नसायला हवा. मग अडतीस वर्षं तो हलला कसा नाही? मी भिंग घेतलं. भुजेच्या कोपऱ्यात, मांसाच्या घडीत, बारीक पांढरा दोरा होता. नमुने काचपट्टीला दोऱ्यानं बांधतातच, त्यात काही नाही. हा दोरा पट्टीपर्यंत गेलाच नव्हता. तो त्या परक्या जीवाला तारामाशाच्या मांसाशी शिवत होता. तीन टाके, एकसारखे, गाठ आत वळवलेली. ती गाठ मी ओळखते. माझ्या शाळेच्या दप्तराचा पट्टा तुटला की तीच गाठ यायची.

माझे वडील, धम्मानंद नगराळे, याच विभागात प्रयोगशाळा परिचर होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. बरणीवरच्या चिठ्ठीत 'विच्छेदन' या शब्दापुढे कृष्णकांत सरांचं संपूर्ण नाव आहे, पदव्यांसकट, आणि चिठ्ठीचं ते वळणदार अक्षर बाबांचं आहे. अशीच पद्धत होती. फाडायचं परिचरानं, नाव प्राध्यापकांचं. पण विभागात सगळे त्याला धम्मानंदचा तारामासा म्हणत, आणि आमच्या घरी ती बरणी म्हणजे एक प्रकारची पदवीच होती. लग्नाकार्यात आई कुणालाही सांगायची, यायच्या हातचा तारामासा आहे कॉलेजमध्ये, पोरं अजून त्याच्यावरून शिकतात. लहानपणी रविवारी बाबा मला सायकलच्या दांडीवर बसवून विभागात नेत, बरण्या पुसायला. मी त्या तारामाशासमोर स्टुलावर बसायची. बाबांच्या शर्टाला फॉर्मलिनचा वास यायचा, डोळ्यांत पाणी आणणारा, आणि मला तो बापाचाच वास वाटायचा; अजूनही बरणी उघडली की आधी बाबा आठवतात, मग रसायन. आणि आता हे तीन टाके. चुकून काही होणं वेगळं, पण सुईत दोरा ओवून, वाकून, श्वास रोखून टाके घालणं चुकून होत नाही. माझ्या बापानं हे जाणूनबुजून शिवलं होतं. त्या दुपारी मला बापाबद्दल शंका आली, आयुष्यात पहिल्यांदा, आणि ती शंका मला सहन होईना.

आधी सरांकडे गेले. ब्याऐंशी वर्षांचे आहेत, धरमपेठेत राहतात, पाठ अजून ताठ. पुस्तिकेची नवी आवृत्ती रविवारी निघणार, आणि तिच्या मुखपृष्ठावर त्यांच्या नावाखाली पहिल्यांदाच माझं नाव येणार होतं. पुढच्या महिन्यात कायम नेमणुकीची मुलाखत. संस्थेच्या समितीत सरांचा शब्द शेवटचा असतो, हे मला आणि त्यांना दोघांनाही ठाऊक. मी मोबाइलवरचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाजवळ धरला आणि बराच वेळ पाहिलं. म्हातारा खोटं बोलला नाही, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगेन.

"परजीवी आहे," ते म्हणाले. "सुंदर आहे. कमाल आहे, रोशनी. अडतीस वर्षं एकालाही दिसलं नाही."

"सर, आकृती सतरा बदलावी लागेल."

"छपाई झाली. बांधणी चालू आहे." त्यांनी फोन मला परत दिला. "एक करू. शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवू. लिहून घे." आणि वर्गात सांगायचे तशाच संथ आवाजात त्यांनी सांगितलं, "आकृती सतरामध्ये दर्शविलेला अवयव हा परजीवी असून, नमुन्याची बांधणी करताना परिचराच्या हयगयीमुळे तो जननग्रंथीच्या जागी बसविला गेला."

मी लिहिलं. हात लिहीत होता, मी थांबवला नाही.

"सर, परिचर म्हणजे..."

"नाव कुठे घातलंय? धम्मानंदला त्रास होईल असं मी करेन का? चांगला माणूस. नुसतं परिचर. कुणाचं काही बिघडत नाही, आणि तुझं संशोधनही सगळ्यांपुढे येतं."

खरं सांगते, जिना उतरताना मला हायसं वाटलं. चूक सुधारली जाणार, बाबांचं नाव कुठेच येणार नाही, माझं नाव मुखपृष्ठावर राहणार. गाडीला किक मारली आणि वर्धा रोडनं बेसाकडे, घरी निघाले तेव्हा मी चक्क गुणगुणत होते. मनीषनगरच्या सिग्नलला उन्हात उभी राहिले आणि हयगय हा शब्द हेल्मेटमध्ये घुमायला लागला. बाबा आणि हयगय. ज्या माणसानं तीस वर्षं एकही काचपट्टी फोडली नाही, रिकाम्या बाटल्यांवरसुद्धा तारीख टाकली. आणि तरी ते तीन टाके खरे होते. मला हवं होतं ते हायसं वाटणं नव्हतंच, मला बापाला विचारायचं होतं. उत्तर वाईट असलं तरी चालेल, पण विचारायचंच. मागून हॉर्न वाजायला लागले तेव्हा कळलं की दिवा केव्हाच हिरवा झाला होता.

बाबा गच्चीवर कूलर धुवायला काढून बसले होते. मार्च लागला की त्यांचा हा कार्यक्रम असतो. कूलरच्या बाजूंच्या जुन्या ताट्या काढायच्या, नवी खस भरायची, सुतळीनं विणून घ्यायची. बाजारात तयार ताट्या मिळतात, पण त्या त्यांना पटत नाहीत. आई वाळवणाच्या चादरीवर भिवापुरी मिरच्या उलथत होती.

"काहून वं, आज लवकर आली?" बाबांनी विचारलं.

"बाबा, तो तारामासा फाडला कोणं होता?"

"मीच. कोण फाडनार दुसरं?"

"अन् दोऱ्यानं कोणं बांधलं आतमध्ये?"

त्यांचा हात सुतळीवर थांबला. आईनं आमच्याकडे पाहिलं.

"दिसला का तुले दोरा?" बाबा म्हणाले. त्यांनी सुई कूलरच्या जाळीत खोचून ठेवली. "मले वाटे, कोणाले दिसत नाही आता. मांसात बसला असन." मग ते बोलायला लागले, माझ्याकडे न बघता. "मी फाडलं तं ते आत सुट्टंच होतं. कुठंच धरून नव्हतं. मी सरायले म्हटलं, सर, हे याचं वाटत नाही मले. आपण बेडूक फाडतो, झुरळ फाडतो, सारं कुठं ना कुठं धरून राहते. हे नुसतं आणून ठेवल्यावानी आहे. सर म्हणे, धम्मानंद, तुझ्या हातानं तुटलं ते. ओढलं असशीन. पुस्तकात जिथं आहे तिथं बांधून टाक. मंग बांधलं."

"पण तुमाले तं वाटत होतं ना, का ते त्याचं नाही म्हणून?"

"वाटत होतं. दोन-तीन दिवस वाटलं. मंग मलेच वाटाले लागलं का तोडलं असन मीनं. एवढे शिकलेले मानूस सांगून राहिले, तं खरंच असन ना." त्यांनी कपाळ पुसलं. "अडतीस वर्षं झाली. कोणी म्हटलं ना, धम्मानंदचा तारामासा, का मले आत असं टोचे. म्हटलं, यायले काहीच ठाऊक नाही, एकच नमुना होता अन् तो मीनं तोडला."

मला रडू आलं. लपवलं नाही. इतकी वर्षं ज्या बरणीचा अभिमान आम्ही घरभर मिरवला, ती बरणी हा माणूस एखाद्या गुन्ह्यासारखी सांभाळत आला होता. दर रविवारी पुसत होता. आणि दांडीवर मी बसलेली असायची, पाय हलवत, खुशीत. आता दुपारची माझी ती शंका आठवून मला माझीच लाज वाटली. मी त्यांच्या पुढ्यात, ओल्या फरशीवर बसले.

"बाबा, तुमी काहीच तोडलं नाही. ते तुटलेलं नव्हतंच. तो दुसराच जीव आहे, तारामाशाच्या आत राहणारा. तुमी म्हटलं तेच खरं होतं. तुमी एकटेच होते त्या खोलीत, ज्याले बरोबर दिसलं."

त्यांना पटायला वेळ लागला. फोटो दाखवले. बोटांनी मोठे करून करून पाहिले. "पाय आहेत याले," ते म्हणाले, मग पुन्हा, "पाय आहेत ना बे," आणि हसले, नुसते तोंडातल्या तोंडात. आतल्या पिल्लांना नाव असतं का, ती बाहेर कशी निघतात, तारामाशाला कळतं का, असं सगळं विचारून घेतलं. परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसून ऐकत होते. मग मी सरांची चिठ्ठी वाचून दाखवली, कारण लपवायचं नाही असं मी ठरवलं होतं.

ऐकून ते उठले. नळ बंद केला. परत येऊन बसले.

"परिचर म्हणजे कोणता?" ते म्हणाले. "चौघं होतो आम्ही. चंपतराव होता, ताराचंद होता, तो प्रेमानंद होता. दोघं तं गेले. त्यायच्यावर काहून टाकून राहिले हे? त्यायनं तं त्या बरणीले हातही नाही लावला."

"नाव नको म्हणतात, तुमाले त्रास नको म्हणून."

"मी म्हटलं का, मले त्रास होते म्हणून?" आवाज वाढला नाही, पण आईनं मिरच्या सोडल्या. "लिही. बांधलं धम्मानंद नगराळेनं, असं लिही. पूर्ण नाव. अन् बांधायच्या आधी तो काय बोलला तेही लिही, अन् सर काय बोलले तेही. आपल्याकडून एक शब्द टाकू नको जास्तीचा. सरायले वाईट म्हणू नको. जे झालं ते लिही."

"अन् तिच्या नोकरीचं?" आई म्हणाली. "पुढच्या महिन्यात मुलाखत आहे तिची. अकरा वर्षं घासून राहिली पोरगी. तुमचं नाव त्या कागदावर येईन, अन् तिचं जाईन तिथून."

बाबांनी ओले हात पुसले. माझ्याकडे पाहत राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा मला विनंतीसारखं काहीतरी दिसलं. ते माझ्याकडून काही मागत नाहीत, त्यांना मागता येत नाही. मी विचार केला असं म्हणायला हवं, पण विचार करण्यासारखं तिथे काही उरलंच नव्हतं. अकरा वर्षं मी एका परक्या प्राण्याला दुसऱ्याच्या अवयवाचं नाव देऊन मुलांना शिकवलं आणि मला कायम व्हायचं होतं. तसंच शिकवत राहण्यासाठी? मी तिथेच, ओल्या फरशीवर, फोनवर चार ओळी लिहिल्या. बाबांनी सांगितलं तेवढ्याच, त्याच क्रमानं. त्यांना वाचून दाखवल्या. "सन टाक," ते म्हणाले. सन टाकला आणि त्या ओळी सरांना पाठवून दिल्या, विभागप्रमुखांनाही. 

सरांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, छापखान्याच्या माणसाकरवी. मुखपृष्ठ बदललं आहे, त्यावर आता एकच नाव आहे, आणि शुद्धिपत्र नाही. मुलाखतीचं काय होणार, हे कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण संग्रहालयाची किल्ली अजून माझ्याकडे होती आणि गुरुवारी दुसऱ्या वर्षाचं प्रात्यक्षिक माझं होतं. मी बाबांना म्हटलं, "चला." त्यांनी विचारलंही नाही कशाला, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मागच्या सीटवर बसले. विभागाच्या दारात ते थांबले, चप्पल काढायला वाकले. परिचर असताना काढायचे. मी म्हटलं, राहू द्या. बावीस मुलंमुली होती. मी फळ्यावर त्या चार ओळी लिहिल्या आणि सांगितलं, हे धम्मानंद नगराळे, हा तारामासा यांनी उघडला, आज हेच दाखवतील. मग मी मागच्या बाकावर जाऊन बसले.

बाबांनी हातमोजे घातले, त्यांच्या काळी ते नसत. नमुना पांढऱ्या तबकात ठेवला. बारीक कात्रीनं एक टाका कापला, मग दुसरा, मग तिसरा. हात जरासुद्धा हलत नव्हता. चिमट्यानं त्यांनी तो फांद्याफांद्यांचा जीव भुजेतून अलगद उचलला आणि बाजूला काचेवर ठेवला. कुठेच काही तुटलं नाही, कारण कुठेच काही जोडलेलं नव्हतं. मुलं स्टुलांवरून उठून भोवती गोळा झाली. अपेक्षा नावाची एक मुलगी आहे, शेवटी बसते, सहसा बोलत नाही, तिनं पेन्सिल वर करून विचारलं, "सर, मग तारामाशाची स्वतःची जननग्रंथी कुठं आहे?"

बाबा क्षणभर मागे वळले, कुणी सर आत आलेत का ते बघायला. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी चिमटा घेऊन एकेक भुजा उघडून दाखवली. "या चारमध्ये आहे पाहा, बारीक, सुतासारखी. याच्यात नाही. याच्यात हा राहत होता ना बेटा, यानं तिले वाढूच नाही दिलं."

"मग मी या भुजेत काय काढू?"

"काही नको काढू," बाबा म्हणाले. "रिकामी आहे, तं रिकामी काढ."

ती बसली. बाकीचेही आपापल्या जागी गेले. बावीस जण वह्यांवर वाकले आणि पुस्तिका बंद ठेवून, ती रिकामी भुजा काढू लागले.